पाचवीतून सहावीत जाताना : गावाच्या अभ्यासातून घडणारी पूर्वतयारी

महाराष्ट्रात शालेय शिक्षणाची चर्चा बहुधा पहिलीचा प्रवेश आणि दहावीचा निकाल या दोन टोकांवरच होते. या दोहोंच्या मध्ये, दहा-अकरा वर्षांच्या वयात, मुलाच्या शालेय आयुष्यात जे वळण येते त्याकडे पालकांचे आणि शासनाचेही लक्ष त्या मानाने फार कमी जाते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी हा प्राथमिक आणि सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा मानला आहे, आणि नियमांनुसार प्राथमिक शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या, तर उच्च प्राथमिक शाळा 3 किलोमीटरच्या आत असावी लागते. राज्यात चौथीपर्यंतच्या शाळांची जुनी रचनाही अनेक गावांत टिकून असल्यामुळे कुठे चौथीनंतर, कुठे पाचवीनंतर, तर कुठे सातवीनंतर दाखला काढून मुलाला मोठ्या गावच्या शाळेत घालावे लागते.

हा बदल केवळ अंतराचा नसतो. सर्व विषय शिकवणाऱ्या, मुलाला घरच्या नावाने हाक मारणाऱ्या एका गुरुजींच्या किंवा बाईंच्या जागी तासागणिक बदलणारे शिक्षक येतात. पाचवीपर्यंत ‘परिसर अभ्यास’ या एकाच विषयात गुंफलेले ज्ञान सहावीत सामान्य विज्ञान, भूगोल आणि इतिहास व नागरिकशास्त्र अशा वेगवेगळ्या पुस्तकांत विभागले जाते. आणि फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी स्वतः टिपण करणे, न समजलेले विचारणे, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलणे या गोष्टी मुलाकडून गृहीत धरल्या जातात, जरी त्या त्याला कोणी शिकवलेल्या नसल्या तरी. 2023-24 पासून पाचवीला वार्षिक परीक्षाही लागू झाल्याने या वळणावरचा ताण वाढला आहे.

या वळणाची तयारी म्हणून सध्या जे चालते ते मुख्यतः कागदावरचे असते: शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास, सरावसंच आणि पुढच्या इयत्तेतले धडे आधीच उरकून घेण्याची घाई. कोरोनाकाळानंतर, 2021 मध्ये, राज्याने 45 दिवसांचा ‘सेतू अभ्यासक्रम’ आणला, तोही कृतिपत्रिका आणि चाचण्यांवर आधारलेला होता. मागील वर्षाचे राहिलेले भरून काढण्यासाठी त्याचा उपयोग निश्चितच होता. परंतु सहावीत मुलाला जे अडते ते केवळ राहिलेल्या धड्यांमुळे अडत नाही, तर स्वतंत्रपणे शिकण्याची सवय नसल्यामुळे अडते, आणि ही सवय वर्गाबाहेरच्या खऱ्या कामातून जितकी लागते तितकी सरावसंचातून लागत नाही.

असे खरे काम समाजाधारित शिक्षणातून मिळते. समाजाधारित शिक्षण म्हणजे गावातील माणसे, कामधंदे, पाणी, बाजार आणि संस्था यांनाच अभ्यासाची सामग्री मानून त्यांच्याकडून शिकणे, आणि शिकलेले पुन्हा गावासमोर मांडणे. वर्षातून एकदा काढलेली सहल किंवा घाईने उरकलेली क्षेत्रभेट म्हणजे असे शिक्षण नव्हे. या विचाराची मुळे महाराष्ट्रातच आहेत. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेने सात वर्षांचे, मातृभाषेतून आणि हाताच्या उद्योगाभोवती गुंफलेले मोफत शिक्षण मान्य केले, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला आणि सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालीमी संघात आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने तो वर्षानुवर्षे राबवला. विद्यार्थ्यांच्या हातच्या मालातून शाळेचा खर्च भागावा, या अपेक्षेवर तेव्हाच आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त होता, कारण मुलाच्या श्रमावर उत्पन्नाचा हिशेब लादला की शिकणे मागे पडते. पण सूतकताईतून गणित, कापसातून भूगोल, या जोडणीचे मोल त्या आक्षेपाने कमी होत नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्याने या विचाराला आणखी एक दिशा दिली. गुरे राखायला जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवल्या. शाळा मुलांच्या रोजच्या कामाच्या ठिकाणी जाऊ शकते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे 1972 मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी 16 शाळांत विज्ञानाचा प्रयोग सुरू केला, जो 1978 मध्ये जिल्हाभर पसरला. सहावी ते आठवीची मुले परिसरातील वस्तू घेऊन स्वतः प्रयोग करीत, शेतात आणि ओढ्याकाठी हिंडून नोंदी ठेवीत. 2002 मध्ये शासनाने हा उपक्रम बंद केला, आणि तीस वर्षांत तयार झालेली शिक्षकांची फळी वाऱ्यावर सुटली, ही भारतीय शालेय शिक्षणाची मोठी हानी म्हटली पाहिजे.

पाचवीच्या वर्गाला असे काम झेपते का, हे पाहण्यासाठी विहिरीचे उदाहरण पुरेसे आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजते. तेच काम शाळेला गावच्या कठडा असलेल्या एका विहिरीवर, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, दर महिन्याला करता येते. टेपच्या टोकाला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि तारखेनिशी वहीत मांडायचे, एवढीच कृती. परंतु तिच्यात एक अवघड गोष्ट दडलेली आहे, ती अशी की मोजलेला आकडा वाढला म्हणजे पाणी वाढले नव्हे, तर कमी झाले. ही उलटी चाल मुलांना सुरुवातीला गोंधळात टाकते, पण चार-पाच महिन्यांच्या नोंदींनंतर ती अंगवळणी पडते, आणि मग सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या व स्तंभालेख येतात तेव्हा शून्याखालची संख्या किंवा खाली झुकणारे स्तंभ त्यांना परके वाटत नाहीत. शाळेच्या अंगणात उभ्या कडांच्या डब्यात पाऊसही मोजता येतो: 1 मिलिमीटर पाऊस 1 चौरस मीटरवर 1 लिटर पाणी देतो, म्हणजे 60 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पाऊस झाला तर 600 लिटर पाणी पडले, हा गुणाकार पाचवीच्या आवाक्यातला आहे आणि त्याचे उत्तर गावाच्या उपयोगाचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते, हे राज्याला ठाऊक आहे. शाळांनी त्याच्या छोट्या आवृत्त्या का मांडू नयेत, याला कोणतेही पटण्याजोगे कारण नाही.

आठवडी बाजारातून हेच घडते. मेथीची जुडी विक्रेत्याने किती रुपयांना घेतली, किती रुपयांना विकली, उरलेली किती फेकली आणि गाडीभाडे किती झाले, हे विचारायला मुलांना शब्द नीट निवडावे लागतात. सहावीतला नफा-तोटा त्यांना नंतर भेटतो, तोपर्यंत त्याचा अर्थ कळलेला असतो. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात तिथल्या अधिकाऱ्यांना ठरवून विचारलेले प्रश्न सहावीच्या स्थानिक शासनाच्या पाठांची पायाभरणी करतात. अनोळखी माणसाला अदबीने प्रश्न विचारणे आणि उत्तर लिहून आणणे, हे सहावीच्या नव्या शिक्षकांसमोर बोलण्याच्या धीराचे पहिले शिक्षण होय.

गाव मात्र निर्दोष गुरू नाही, हे विसरून चालणार नाही. पाण्याचा प्रश्न आला की कोणत्या वस्तीने कोणत्या विहिरीवर पाणी भरावे हा जुना भेद वर येतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर ज्या हक्कासाठी सत्याग्रह केला, तो विसरून केवळ गावाच्या परंपरेचे कौतुक शिकवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्यामुळे मुलांच्या गटांत सर्व वस्त्यांची मुले एकत्र असणे, मुलींनी मोजमाप आणि हिशेब करणे, आणि ‘हे असे का?’ हा प्रश्न खुला ठेवणे, या अटींवरच असे शिक्षण स्वीकारावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तिसरी ते पाचवीचा पूर्वाध्ययन स्तर आणि सहावी ते आठवीचा स्तर वेगळे केले आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना ठेवण्याचे सुचवले. मात्र ही वाट सहावीनंतर उघडून उपयोगी नाही, तिची सुरुवात पाचवीतच व्हायला हवी. ते करण्याचे बळ शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे, कारण कायद्यानुसार तिचे 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. या समित्यांनी येत्या जूनपासून गावातील एक विहीर, एक बाजार आणि ग्रामपंचायत ही तीन ठिकाणे पाचवीच्या वर्गासाठी ठरवून द्यावीत, मोजणीच्या दिवशी गावातील दोन माणसे सोबत पाठवावीत, आणि पाचवी संपताना मुलाच्या दाखल्यासोबत त्याची नोंदवही पुढच्या शाळेत पोहोचेल एवढी खबरदारी घ्यावी.