फोटोला बॉर्डर द्या, पण कडेची माणसं झाकू नका

भीमजयंती किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की जुने फोटो सजवून ग्रुपवर फिरू लागतात. मोबाईल अ‍ॅपमधली तयार फ्रेम अनेकदा फोटोच्या वरच बसते आणि कडा झाकून टाकते. समूहफोटोत कडेला कोण असतं? बहुधा मागे उभ्या राहिलेल्या बाया आणि पोरं. वस्तीच्या इतिहासात त्यांची नोंद आधीच कमी, त्यात फोटोतूनही ती जातात.

म्हणून बॉर्डर फोटोच्या बाहेर हवी. गिम्प हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. मूळ स्कॅन बाजूला ठेवून त्याची प्रत उघडा. ‘इमेज’ मेनूत ‘कॅन्व्हास साइझ’ घ्या आणि रुंदी-उंचीमधलं साखळीचं चिन्ह उघडा. फोटो ३००० बाय २००० पिक्सेलचा असेल तर कॅन्व्हास ३२०० बाय २५०० करा, एक्स आणि वाय ऑफसेट १००-१००. तीन बाजूंना १०० आणि खाली ४०० पिक्सेल जागा मिळते. मग कॅन्व्हासएवढा पांढरा लेयर घेऊन फोटोच्या लेयरखाली सरकवा.

पंचशील ध्वजाचे पाचही रंग लावायचा मोह होतो, पण त्यात कृष्णधवल चेहरे हरवतात. बारीक निळी रेघ पुरे.

खालच्या पट्टीत डावीकडून उजवीकडे नावं, गाव, साल लिहा. नाव ठाऊक नसेल तिथे जागा सोडा. ग्रुपवर टाकायला जेपीईजी एक्स्पोर्ट करा, पण एक्ससीएफ फाइलही जपा. एखाद्या आजीने चेहरा ओळखला की नाव तिच्यात भरता येतं.