एक कुंचला आणि नऊ इंचांची फळी

१८८९ सालच्या ऑगस्ट महिन्यात टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स काँडर आणि त्यांचे काही स्नेही यांनी मेलबर्न शहरी जे प्रदर्शन भरविले, त्यातील १८३ कलाकृतींपैकी बहुसंख्य चित्रे नऊ इंच लांब व पाच इंच रुंद अशा फळ्यांवर तैलरंगांत रंगविलेली होती. आणि त्यांतील कित्येक फळ्या म्हणजे सिगारच्या पेट्यांची झाकणे होती.

लहान तैलचित्रे त्यापूर्वी कोणी काढली नव्हती, असे मात्र नव्हे. इंग्लंडात जॉन कॉन्स्टेबलने १८२१-२२ साली हॅम्पस्टेड येथे मेघांची टिपणे रंगविली आणि त्यांतील कित्येकांच्या पाठीवर दिनांक, वेळ व वाऱ्याची दिशा यांची दफ्तरी शिस्तीने नोंद ठेवली; परंतु ती अभ्यासासाठी होती, प्रदर्शनासाठी नव्हती. मेलबर्नच्या मंडळींनी मात्र असल्या टिपणालाच पूर्ण चित्राचा दर्जा मागितला. ‘आर्गस’ पत्राचे टीकाकार जेम्स स्मिथ यांनी त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा या मंडळींनी तो मजकूरच प्रदर्शनाच्या दाराशी लावून टाकला.

टिपणाला पूर्णत्व कोठून येते, हे समजून घ्यावयाचे असेल तर अशी एखादी फळी आणि राठ केसांचा, अर्धा इंच रुंदीचा एकच चपटा कुंचला घेऊन बसावे. या कुंचल्याचे अठरा पट्टे शेजारी शेजारी ओढले की फळीची लांबी संपते. म्हणजे प्रत्येक पट्टा चित्राचा एवढा मोठा हिस्सा व्यापतो की तो अविचाराने ओढण्याची मुभाच राहात नाही. आडव्या अंगाने भिंत किंवा आकाश, धारेने झाडाचे खोड, कोपऱ्याने दूरवरची मनुष्याकृती, इतके त्याच्याकडून होते; पानांच्या शिरा किंवा डोळ्यांच्या पापण्या होत नाहीत, आणि त्या होत नाहीत म्हणूनच चित्रकाराचे लक्ष छाया व प्रकाश यांच्या मुख्य विभागणीवर खिळते.

कामाचा अनुक्रमही त्यामुळे आपोआप ठरतो. जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून जाऊन वाळत नाही, तर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून सावकाश घट्ट होते. त्यामुळे एका बैठकीत सारे रंग ओलेच राहतात आणि कुंचल्यातील उरलासुरला रंग पुढच्या रंगात शिरतो. म्हणून प्रथम छाया पातळ रंगात मांडावी, रंग बदलताना कुंचला फडक्याने कसून पुसावा, आणि दाट, उजळ रंग शेवटी ठेवून पुन्हा त्यांना हात लावू नये. कारण ओल्या रंगावर वारंवार कुंचला घासला की दोन्ही रंग मळकट होतात. लाकडाचा तपकिरी वर्ण जेथे उपयोगी पडेल तेथे तो उघडाच ठेवला, तर तेवढे रंगविण्याचे श्रमही वाचतात.

स्मिथ यांच्यासारख्यांची तक्रार चित्रे अपुरी असल्याची होती, आणि तपशिलांची मोजदाद हाच निकष मानला तर ती नाकारता येणार नाही. पण ज्या चित्रात छायाप्रकाशाचे परस्परप्रमाण बरोबर साधले आहे, त्यातील न काढलेली पाने पाहणाऱ्याची दृष्टी स्वतःच भरून काढते. ते प्रमाण चुकले असेल, तर सहस्र पाने रंगवूनही झाड उभे राहात नाही. एका कुंचल्याची मर्यादा ही चूक झाकण्याची सवलत देत नाही, एवढ्यासाठीच ती नवशिक्याने आपणहून स्वीकारावी.