मामांच्या फार्गोचे ब्रेक

माझे मामा वाईला राहतात. त्यांच्या परसात १९५६ सालचा एक फार्गो ट्रक उभा आहे. उभा आहे असे आपण म्हणायचे. मामींच्या मते तो ठाण मांडून बसला आहे. फार्गो हे नाव अमेरिकन खरे, पण जन्म कुर्ल्याचा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरच्या परवान्याने तिथे हे ट्रक बांधले. मामांच्या वडिलांनी घेतलेल्या या ट्रकाने पाचगणीचे बटाटे किती वर्षे पुण्याला आणले याला गणती नाही.

मागच्या वर्षी गणपती उठल्यावर मामांनी जाहीर केले, "यंदा दसऱ्याला गाडीची पूजा करायची आणि पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाऊन यायचे." मामांचे वय ऐंशी! मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सरळ मला पुण्याला फोन लावला. "बाळ, वर जाणे इंजिनाचे काम. खाली येणे ब्रेकचे. तू बँकेत खोट्या नोटा ओळखायचास ना? मग आता खोटे ब्रेक ओळख."

मामींच्या धास्तीला कारण होते. १९७१ च्या पावसाळ्यात याच घाटात याच ट्रकाचे ब्रेक गेले होते. आदल्या आठवड्यात कुठल्याशा दुकानातून स्वस्तातले रबर किट आणून बसवले होते. उताराला मामांनी पेडल दाबले ते थेट फळीला जाऊन टेकले. त्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना तेल पुरवणारी वाट एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही चाके मोकळी. मामांनी हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घासली, आणि क्लिनरने उडी टाकून मागच्या चाकाला उटी लावली. गाडी थांबली. पण उटीखाली त्याची डाव्या हाताची दोन बोटे गेली. मामांकडून त्याच्या घरी दिवाळीचा फराळ आजतागायत जातो.

तेव्हा वाचकहो, मी कॅलिपर खिशात घालून नाना पेठेत शिरलो तो हौसेने नव्हे!

माझ्याबरोबर एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी पहिला धडा चहा पितापिताच दिला. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातला दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल नळ्यांतून चाकाच्या सिलिंडरात जाते आणि ब्रेकशूंना ड्रमवर दाबते. हा सारा दाब अडवून धरते ती जुन्या निकेलच्या रुपयाएवढी रबरी वाटी. "साहेब, ट्रक पाच टनांचा असो की दहा, तो टांगलेला असतो या वाटीवर," मिस्त्री म्हणाले.

आमच्या पुढच्या चाकाच्या सिलिंडराचे माप भरले सव्वा इंचाला अष्टमांश कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटर. पहिल्याच दुकानदाराने २८ ची वाटी पुढे केली. "बसते साहेब, सगळे हीच नेतात." बसते हे खरेच, पण अर्ध्या मिलिमीटरहून अधिक ढिली वाटी दाब धरील कशी? दुसऱ्या दुकानात मात्र मला मोह पडला. कंपनीचा जुना खोका, पिवळा पडलेला, आत न वापरलेला अस्सल माल! मी पाकीट काढणार तोच मिस्त्रींनी वाटीची कड बोटांनी वाकवली आणि तिच्यावर बारीक भेगा उमटल्या. लोखंड खोक्यात चाळीस वर्षे टिकते, रबर टिकत नाही. जुन्या मालातला ड्रम घ्यावा, रबर कधीही घेऊ नये. आम्ही शेवटी इंची मापाच्या ताज्या वाट्या सांगून मागवल्या. आठ दिवस थांबावे लागले. मामांचे रोज दोन फोन!

सिलिंडर आतून गंजून खड्डे पडलेले होते. नवे मिळेनात. तेव्हा आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह घालून लेथवर मूळ माप आणून घेतले. नळ्यांसाठी एकाने फ्रीजची तांब्याची नळी दाखवली, दिसायला लखलखीत. पण नुसते तांबे गाडीच्या थरथरीने चिरते. पोलादाची नळी तरी हवी, नाहीतर तांबे-निकेलच्या मिश्रणाची.

ब्रेक ऑइल या नावानेही मोठा घोटाळा केला आहे. ते तेल नव्हेच! भोळेपणाने कोणी त्यात इंजिनचे तेल ओतले तर वाट्या फुगून निकामी होतात. शिवाय ते हवेतले पाणी शोषते. ताजे डॉट-३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटात ड्रम तापले की नळीत वाफ होते आणि पाय खाली जातो. म्हणून सीलबंद छोटा डबा घ्यायचा, अर्धा उरलेला पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

राहिले लायनर. जुने ॲस्बेस्टॉसचे होते. ती धूळ फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, कारण ती छातीत गेली की जन्माची पीडा. नवे ॲस्बेस्टॉसविरहित, कडेला कंपनीचे नाव व बॅच छापलेले, आणि एका आसाच्या दोन्ही चाकांना एकाच बॅचचे घेतले. नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. रिबिटांची डोकी लायनरच्या पुरेशी आत बसली आहेत ना, हे मी स्वतः नखाने चाचपून पाहिले. एकूण खर्चाचा आकडा मामींना अजून सांगितलेला नाही.

दसऱ्याच्या सकाळी हवा काढून झाली. मामांनी पेडल पूर्ण दाबून धरले आणि आम्ही मिनिटभर घड्याळाकडे पाहत राहिलो. पाय तसूभर खाली गेला नाही. मग सपाट रस्त्यावर चार वेळा थांबवून पाहिले, गाडी सरळ थांबली. झेंडूची माळ चढली, नारळ फुटला.

तेवढ्यात फाटकातून मामांचा जुना क्लिनर आला. काखेत बाभळीची उटी होती. काही न बोलता तो आपल्या जागेवर जाऊन बसला आणि उटी त्याने मांडीवर घेतली.

"अरे, सगळे नवे घातले आहे," मामा म्हणाले.

"असू दे मालक," तो म्हणाला, "चला."

घाट उतरताना मामांनी चढताना घातलेलाच गिअर ठेवला. ब्रेकला पाय फार थोडा लावावा लागला. वाईत शिरल्यावर चाके हाताने चाचपली, चारही सारखीच कोमट होती. मामी दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी क्लिनरच्या हातावर आपट्याची पाने ठेवली, मग मामांच्या.