म्हातारा निवांत आहे की गुंगीत?

घरातलं म्हातारं माणूस दिवेलागणीला गाठोडं बांधून "मला घरी जायचंय" म्हणू लागलं, सुनेला बहीण समजू लागलं, की आपण म्हणतो साठी बुद्धी नाठी. पण हा नुसता म्हातारचळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना तो असतो.

आता समजा, पोरं पुण्या-मुंबईला, शेत वाट्याने दिलेलं आणि आजोबा वृद्धाश्रमात. रात्रपाळीला बाई एकच. आजोबा रात्रभर ओरडतात. मग गोळी सुरू होते आणि सगळं शांत. भेटून आलेला मुलगा सांगतो, "बाबा आता निवांत असतात." निवांत की गुंगीत, ते जवळ बसून बघा. मान खाली, तोंडातून लाळ, अंग ताठ, चालताना झोक, घास ठसकतो. ही बहुधा गोळीची करणी.

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन ही मुळात गंभीर मनोविकारांची औषधं. २००५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचण्या तपासल्या. साधारण दहा आठवड्यांत नव्या पिढीची अशी औषधं घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत ४.५ टक्के दगावले, खोटी गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. त्यांनी वेष्टनाच्या माहितीत ठळक इशारा छापायला लावला. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनाही तो लागू केला. ब्रिटनमध्ये २००९ च्या सरकारी अहवालात अंदाज होता, की अशी औषधं घेणारे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण १,८०,००० आणि त्यापायी वर्षाला जादा मृत्यू सुमारे १,८००. पैसेवाल्या देशांची ही गत!

बैल एकाएकी मारका झाला तर आपण आधी त्याचा खांदा, खूर बघतो. माणसाचंही तसंच. लघवीला जळजळ, चार दिवस पोट साफ नाही, दाढदुखी, हरवलेला चष्मा, बिघडलेलं कानाचं यंत्र. त्याला सांगता येत नाही म्हणून तो चिडतो. दोन दिवसांत एकदम बरळू लागला तर लघवी-रक्त आधी तपासून घ्या.

औषध कधीच नको असं नव्हे. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करू लागला, भास होऊन भेदरला, तर डॉक्टर थोड्या मात्रेत देतात. मात्र कोणती गोळी, कशासाठी, कधीपासून, चिठ्ठी कुणाची, हे आश्रमात विचारा. तो तुमचा हक्कच आहे. गुण आला तरी चार महिन्यांच्या आत ती कमी करून बघता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नका.

ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, आशाताई यांनीही एवढं लक्षात ठेवावं: ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे. गावातल्या कुणाला सल्ला हवा असेल तर सरकारचा टेलि-मानस हा फुकट दूरध्वनी आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येतं.