२५ अक्षरं, ४९ कोटी वर्षं

काबूलच्या नैऋत्येला सुमारे १०० किलोमीटरवर, दश्त-ए-नावर भागातल्या काराबायू डोंगरावर, ४,३२० मीटर उंचीवर एक शिळा आहे. कळसूबाई आपली १,६४६ मीटर. म्हणजे ही शिळा तिच्या अडीचपटीहून अधिक उंचावर. तिच्यावर कुषाण काळात तीन लिप्यांत मजकूर कोरला गेला. एक ग्रीक, तिच्यातला मजकूर बॅक्ट्रियन भाषेतला; दुसरी खरोष्ठी. तिसरी मात्र १९६०च्या दशकात फ्रेंच संशोधकांना सापडल्यापासून अर्धशतकाहून जास्त काळ कुणालाच वाचता आली नाही.

इ. स. पूर्व २०० ते इ. स. ७०० अशी सुमारे ९०० वर्षं मध्य आशियात ही लिपी वापरात होती. एवढ्या काळातले आज हाती आहेत ते काही डझन लेख, तेही बहुतेक त्रोटक. व्यंजनचिन्हं साधारण २५ ते ३०.

आता गणित करू. २५ चिन्हं २५ उच्चारांना लावून पाहायची, तर जोड्या लावण्याचे प्रकार होतात १,५५,११,२१,००,४३,३३,०९,८५,९८,४०,००,०००. संगणकाने सेकंदाला १०० कोटी प्रकार तपासले, तरी काम संपायला ४९ कोटी वर्षं लागतील. शिवाय दगड झिजलेला. एका ओळीतली नुसती दहा अक्षरं पुसट असली आणि प्रत्येक दोन तऱ्हांनी वाचता आलं, तर त्या एकाच ओळीची १,०२४ वाचनं होतात.

ही कोंडी फोडली एका राजाने. २०२२मध्ये ताजिकिस्तानातल्या अल्मोसी घळीत, दुशान्बेपासून सुमारे ३० किलोमीटरवर, कातळात कोरलेला छोटा द्वैभाषिक लेख मिळाला. त्याचा एक भाग याच अज्ञात लिपीत, दुसरा बॅक्ट्रियन भाषेत. बॅक्ट्रियन भागात ‘वेम तख्तु’ हे नाव होतं. हा कनिष्काचा आजोबा. दश्त-ए-नावरच्या बॅक्ट्रियन मजकुरातही तोच राजा होता. भाषा कोणतीही असो, राजाचं नाव फारसं बदलत नाही. कोलोन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते नाव आणि ‘राजाधिराज’ ही पदवी अज्ञात लिपीत हेरली आणि तिथून एकेक अक्षर सोडवत नेलं. २०२३मध्ये त्यांनी जाहीर केलं, की सुमारे ६० टक्के चिन्हं आता वाचता येतात. भाषा निघाली आजवर माहीत नसलेली एक मध्य-इराणी भाषा.

तोच हिशोब पुन्हा मांडू. २५ पैकी १५ चिन्हं सुटली, की उरलेल्या दहांच्या जोड्या फक्त ३६,२८,८००. तोच संगणक त्या सेकंदाच्या अडीचशेव्या भागात उरकेल. मग उरलेली ४० टक्के चिन्हं अडली कशाला? कारण संगणक जोड्या लावतो, पण त्यातली खरी कोणती हे पडताळायला मजकूर लागतो आणि तोच तुटपुंजा आहे. त्यामुळे या लिपीचं पुढचं काम जास्त वेगवान यंत्राने होणार नाही. ते ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तानच्या घळी पालथ्या घालूनच होईल.