गाडी बंद पडायच्या आधीच सांगत असते. वेळेत ऐकलं तर खर्च वाचतो

ऊसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर एक चित्र ठरलेलं. भरलेली ट्रॉली एका अंगाला कललेली, हबचं बेअरिंग गेलेलं, चाकाखाली दगड आणि ड्रायव्हर फिटरला फोन लावतोय. फिटर म्हणतो, सकाळी येतो. तोवर फडात टोळी बसून, मुकादम चिडलेला आणि तुटलेल्या ऊसाचं वजन घटत चाललेलं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला बिगर रिफ्लेक्टरची ट्रॉली दिसली नाही तर काय होतं, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

हे बेअरिंग एका रात्रीत जात नाही. आधी सील फाटतं, ग्रीस बाहेर येतं, पाणी-माती आत जाते, मग हब गरम व्हायला लागतो. म्हणजे बरेच दिवस चाक सांगत असतं, पण कुणी विचारत नाही. हे विचारण्याच्या पद्धतीलाच मोठे वाहतूकदार 'प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स' म्हणतात. बिघाड व्हायच्या आधी त्याची चाहूल ओळखायची आणि आपल्या सोयीच्या वेळी काम उरकायचं.

आपल्याकडं दोनच पद्धती माहीत. एक, बंद पडली की गॅरेज. दुसरी, ठराविक किलोमीटरला किंवा तासाला सर्व्हिसिंग. दुसरी चांगलीच आहे, ती सोडायची नाही. पण एक गाडी डांबरी रस्त्यावर चालते, दुसरी शेतरस्त्याच्या धुळीत. दोघींचा एअर फिल्टर एकाच दिवशी कसा चोंदेल? तिसरी पद्धत गाडीची खरी अवस्था बघते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि ट्रक-टेम्पोत सेन्सर वाढले. इंजिनचं तापमान, ऑईलचा दाब, बॅटरीचा व्होल्ट, धुराच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी, सगळं गाडीतला कॉम्प्युटर मोजतो. टाटाची 'फ्लीट एज', अशोक लेलँडची 'आय-अलर्ट', महिंद्राची 'आयमॅक्स' या सेवांतून गाडीची माहिती मालकाच्या मोबाईलवर येते. खुबी अशी, की एका आकड्यावरून काही कळत नाही, आकडा कुठं सरकतोय त्यावरून कळतं. तोच रस्ता, तेवढंच वजन, आणि ८८ अंशावर राहणारं कूलंट दोन आठवड्यांत ९५ वर गेलं तर काटा अजून लाल पट्ट्यात नसतो, ड्रायव्हरलाही काही जाणवत नाही. पण रेडिएटर चोंदतोय, थर्मोस्टॅट अडकतोय किंवा वॉटर पंप थकलाय, यातलं काहीतरी सुरू असण्याची शक्यता आहे. आत्ता बघितलं तर छोटं काम. नाही बघितलं तर हेड गॅसकेट, आणि त्याहून पुढं गेलं तर अख्खं इंजिन खोलायची पाळी.

इथं एक गैरसमज काढायला हवा. प्रवासी गाड्यांना २०१९ पासून जो जीपीएसचा डबा आणि संकटाचं बटण सक्तीचं झालं, त्याचं काम गाडी कुठं आहे हे सांगायचं. गाडीला काय झालंय हे तो सांगेलच असं नाही. 'जीपीएस बसवलंय, आता काळजी नाही' म्हणणाऱ्यांनी आपल्या डब्यात काय दिसतं ते एकदा उघडून बघावं.

बीएस-६ वाल्यांचा खर्च काजळीच्या फिल्टरवरही होतो. गाडी जरा वेगानं, सलग चालली की फिल्टर तापून काजळी आपोआप जळते. पण दूध गोळा करणारी गाडी दर वस्तीवर थांबते, बंद होते, पुन्हा सुरू होते. काजळी जळायची अर्धवट राहते. काही गाड्यांत त्यामुळं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोक खूश होतात, 'गाडी ऑईल खात नाही'. खरं तर ती धोक्याची खूण. दिवा लागला की कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं गाडी सलग चालवायची किंवा सर्व्हिस सेंटरला न्यायची. दिव्यावर चिकटपट्टी लावणारे बहाद्दरही आहेत.

आता जुना ट्रॅक्टर आणि ट्रॉली. त्यात सेन्सर नाही, म्हणून हे जमत नाही असं अजिबात नाही. हार्डवेअरच्या दुकानात तापमान मोजायची बंदूक मिळते. कोरोनात कपाळाला लावायची ती नव्हे, ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. कारखान्याच्या यार्डात नंबरची वाट बघताना चारही हबवर धरायची. तीन सारखे आणि एक बराच गरम दिसला, तर बेअरिंग तरी बिघडतंय नाहीतर ब्रेक धरून राहतोय. बॅटरीला मीटर लावायचा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. आकडा आठवड्याला खाली येत असेल तर बॅटरी, अल्टरनेटर आणि बेल्ट आधीच बघून घ्या. ऑईल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, गाडी हलवायचीच नाही.

पैशाचा हिशेब असा मांडा. समजा बेअरिंग, सील, ग्रीस आणि मजुरी मिळून दोन हजार लागतात. हे आज दारात करा की आठवड्यानं रस्त्यात, दोन हजार लागणारच. पण रस्त्यात त्यावर फिटरचं भाडं चढतं, हब किंवा ॲक्सल खराब झालं तर त्याचं वेगळं आणि दोन खेपा बुडतात त्या वेगळ्याच. दुधाची गाडी असेल तर नासलेलं दूधही त्यात धरा. वाचतो तो हा वरचा पैसा.

एकच टेम्पो असलेल्यानं वर्गणी भरून ॲप घ्यायची घाई करू नये. नवीन गाडीवर सेवा काही काळ फुकट असेल तर जरूर वापरा, नंतर किती लागतील ते आधी विचारा. रेंज नसलेल्या भागात माहिती उशिरा येते आणि कधी कधी इशारा खोटाही निघतो. पाच-दहा गाड्या असतील तर मात्र परवडतं, कारण मालक प्रत्येक गाडीजवळ जाऊ शकत नाही.

सगळ्यात मोठा सेन्सर ड्रायव्हर. बारीक आवाज, स्टिअरिंगची थरथर, कमी झालेलं ॲव्हरेज त्याला आधी कळतं. पण सांगितलं की 'तूच नीट चालवत नाहीस' म्हणून बोलणी बसत असतील तर तो गप्प बसतो. काही मालक केबिनमध्ये वही अडकवून ठेवतात, रोज डिझेल, किलोमीटर आणि जाणवलेली एक गोष्ट लिहायची. ती वही रविवारी मालकानं स्वतः वाचायची, फिटरसोबत.