गाठीचे चिलखत

आमच्या शाखेत रोकड सांभाळणारे एक सहकारी होते. संध्याकाळी तिजोरी बंद होताना त्यांच्या हिशेबात कधी एक रुपया इकडचा तिकडे व्हायचा नाही. निवृत्त होऊन चार वर्षे झाली आणि दुधाच्या हिशेबात त्यांची चूक होऊ लागली. मग चहाचा कप उजव्या हातातून निसटू लागला. ‘वय झालं’ म्हणून आम्ही हसलो. एका पहाटे त्यांना फिट आली, आणि एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात गाठ दिसली. ग्लायोब्लास्टोमा.

शस्त्रक्रिया झाली. मग सहा आठवड्यांचे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या गोळ्या सुरू झाल्या. भेटायला गेलो तर पलंगाशेजारच्या स्टुलावर डबेच डबे! आवळ्याची पूड, ‘सी’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल, पुतण्याने दुबईहून पाठवलेल्या ग्लुटाथायोनच्या गोळ्या. बहुतेकांवर एकच शब्द ठळक छापलेला : अँटिऑक्सिडंट. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, एवढी एक गोष्ट तरी माझ्या हातात आहे.”

पुढच्या तपासणीला वहिनींबरोबर मीही गेलो. डॉक्टरांनी डब्यांची यादी वाचली आणि शांतपणे सांगितले, “जेवणात फळं, भाज्या हवं ते द्या. पण या कॅप्सूल आजपासून बंद. गाठीलाही हेच हवं असतं.”

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. जन्मभर खतावण्या तपासलेल्या माणसाला जमेच्या बाजूची रक्कम एकदम नावे पडलेली दिसावी, तसे झाले. मी वाचायला बसलो. डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावूनही सोडले.

आपल्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खातो. चिरलेले सफरचंद हवेने काळे पडते, तसा हा प्राणवायू पेशीलाही आतून जाळत असतो. या जळण्यातून निघणाऱ्या ठिणग्या म्हणजे फ्री रॅडिकल. त्या विझवायला प्रत्येक पेशी ग्लुटाथायोन तयार करते. कर्करोगाची पेशी बेफाम वाढते, त्यामुळे तिच्या घरात ठिणग्याही जास्त आणि ती पाणीही जास्त भरून ठेवते. आता गंमत पाहा. (गंमत कसली!) रेडिएशनने गाठ मरते ती बऱ्याच अंशी अशाच ठिणग्यांनी. म्हणजे आपण आग लावायची आणि गाठीने साठवलेल्या पाण्याने ती विझवायची.

हे पाणी ती भरते कुठून? ग्लुटाथायोनसाठी सिस्टीन नावाचा गंधकयुक्त घटक लागतो. तो आत घेण्यासाठी पेशीच्या भिंतीत एक फिरते दार असते. सिस्टीनचा एक कण आत आला की ग्लुटामेटचा एक कण बाहेर. रोखीचा व्यवहार, उधारी नाही. पण बाहेर साचलेले हे ग्लुटामेट शेजारच्या निरोगी मज्जापेशींना विषासारखे बाधते आणि फिट येण्याचे ते एक कारण ठरते. अमेरिकेत अलाबामा इथे हॅराल्ड सोंथायमर यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवून दिले. ते वाचताना मला ती पहाट आठवली.

मग ते दारच बंद केले तर? असे करणारे औषध आयतेच होते. सल्फासॅलाझिन हे चाळीसच्या दशकात स्वीडनमध्ये संधिवातासाठी आलेले आणि पुढे आतड्याच्या व्रणांवर वापरले गेलेले औषध. उंदरांमधल्या गाठींची वाढ त्याने मंदावली. २०११ साली उंदरांच्या फिटही त्याने कमी झाल्याचे दिसले. पण बेल्जियममध्ये माणसांवर चाचणी झाली ती दहा रुग्णांवरच थांबवावी लागली. गाठ एकाचीही कमी झाली नव्हती. तो अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. हे औषध आतड्यातले जिवाणू मोडून टाकतात, मेंदूपर्यंत पोचणार ते किती? शिवाय गाठ मोठी बिलंदर. एक दार लावले तर ती मागच्या दाराने माल आणते. आणि ग्लुटाथायोनची गरज निरोगी मेंदूलाही आहेच. गाठीचे चिलखत काढायचे आणि शेजाऱ्याचे अंगावर ठेवायचे, ही खरी अडचण.

तरीही संशोधकांनी ही वाट सोडलेली नाही. २०१२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाने पेशींच्या मरणाचा एक वेगळा प्रकार ओळखला. ग्लुटाथायोन संपले की पेशीतल्या लोहामुळे तिच्या पडद्यातली चरबी अक्षरशः खवट होते आणि पेशी मरते. त्याला त्यांनी फेरोप्टोसिस म्हटले. मेंदूच्या गाठीला अशा मरणाकडे ढकलता येईल का, यावर आता अनेक ठिकाणी काम चालू आहे. पण आज दवाखान्यात मागावे असे औषध त्यातून अजून हाती आलेले नाही.

तोवर हाती काय? टेमोझोलोमाइडने काय साधले त्याचा आकडा मी वहीत लिहून ठेवला आहे. २००५ सालच्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनने मध्यम आयुर्मान १२.१ महिने होते, ते गोळ्यांसह १४.६ झाले. अडीच महिने. बँकेत असताना अडीच महिन्यांच्या व्याजाला मी कधी फार किंमत दिली नव्हती.

अँटिऑक्सिडंट म्हणजे निव्वळ अमृत, हा समज तर फिनलंडमध्ये १९९४ सालीच हादरला होता. तिथे २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी अठरा टक्के जास्त आढळला. रोग वेगळा, इंद्रिय वेगळे, हे खरे. पण आपल्याकडे डब्यांचा खप काही कमी झालेला नाही.

आमचे सहकारी सोळा महिने जगले. त्यानंतर काही दिवसांनी वहिनींनी विचारले, “भाऊजी, मी सुरुवातीला त्या गोळ्या दिल्या, त्यानं यांचं काही बिघडलं असेल का हो?”

हा प्रश्न मी डॉक्टरांना आधीच विचारला होता. आठ दिवसांच्या कॅप्सूलनी काही बिघडले असे म्हणायला कसलाही आधार नाही, हे त्यांचे शब्द मी जसेच्या तसे सांगितले. वहिनींनी मान डोलावली आणि चहा टाकायला त्या आत गेल्या. कपाटाच्या काचेतून दुबईचा तो डबा दिसत होता, अर्धा भरलेला.